व्हेपने सिगारेटची तलफ भागते का?

टिळकवाडी_कट्टा:
टपरीवर नेहमी ऐकू येतं, ‘व्हेप (म्हणजे ई-सिगारेट) ओढून बघितलं, पण सिगारेटची सर नाही.’ हे मत जुन्या यंत्रांपुरतं बरोबर होतं. सिगारेटच्या तंबाखूत साधारण १० ते १४ मिलिग्रॅम निकोटिन असतं, अंगात उतरतं जेमतेम १ ते १.५. तरी तलफ भागते, कारण झुरका घेतल्यापासून १० ते २० सेकंदांत ते मेंदूत पोचतं. सिगारेटसारख्या दिसणाऱ्या पहिल्या ई-सिगारेटींची बॅटरी अशक्त, वाफ कमी. रक्तात निकोटिन फारसं चढतच नव्हतं. पुढे बेंझोइक आम्ल मिसळून निकोटिनचे क्षार आले. आम्लामुळे घशाला ठसका कमी लागतो, म्हणून ५० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरसारखं तीव्र लिक्विडही ओढता येतं, आणि अशा पॉडचा, म्हणजे लिक्विडची कुपी बसवलेल्या छोट्या व्हेपचा, वेग सिगारेटच्या जवळ जातो. जळण नाही, म्हणजे डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड नाही. भारतातल्या २०१९ च्या कायद्याने व्हेपवर सरसकट बंदी घालून सिगारेट ओढणाऱ्याची एक वाट बंद केली, असं माझं ठाम मत आहे.

निपाणी_वखार:
वेगाचं पटलं, निष्कर्ष नाही पटला. तलफ एकट्या निकोटिनची नसते. निकोटिन जवळपास काढून टाकलेली सिगारेट दिली तरी तलफ काही वेळ बसते, हे प्रयोगांत दिसलंय. काडी ओढणं, घशाला बसणारा धक्का, बोटांतली सवय, सगळं त्यात येतं. शिवाय धुरातले काही घटक मेंदूतलं मोनोअमाइन ऑक्सिडेज (आनंद देणारी रसायनं मोडणारं एन्झाइम) दाबतात आणि निकोटिनची पकड घट्ट करतात. व्हेपमध्ये ते जवळपास नसतात. म्हणून निकोटिन सारखं चढलं तरी समाधान सारखं होईलच असं नाही. मग माणूस दोन्ही चालू ठेवतो, आणि खरा घात तिथं होतो. रोजच्या वीस सिगारेटींवरून एकावर आला तरी हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्याच्या आसपास उरतो, विसावा भाग नव्हे.

टिळकवाडी_कट्टा:
दोन्ही चालू ठेवणं वाईटच, मान्य. पण इंग्लंडमधली २०१९ ची चाचणी बघा: वर्षाअखेर सिगारेट सुटलेले ई-सिगारेट गटात १८ टक्के, निकोटिनच्या पॅच-च्युइंगमच्या गटात ९.९.

चिकोडी_औषधं:
त्याच चाचणीतला पुढचा आकडा का गाळला वो? ज्यांची सिगारेट सुटली त्यांच्यातले ८० टक्के वर्षानंतरही व्हेप ओढत होते. दुसऱ्या गटात पॅच-च्युइंगम वापरणारे उरले ९ टक्के.

आणि इथं मिळणारं व्हेप त्या चाचणीतलं नव्हे. युरोपात प्रति मिलिलिटर २० मिलिग्रॅम निकोटिनची मर्यादा आहे. आपल्याकडे विक्रीच गुन्हा, म्हणजे चोरून आलेल्या पॉडवरचा आकडा तपासणार कोण? लिक्विड संपत आलं की ते तापवणाऱ्या कॉइलची वात कोरडी पडते, तापमान भडकतं आणि वाफेत अल्डिहाइडं ही घातक रसायनं वाढतात. जळका, कडवट झुरका लागला की समजायचं.

च्युइंगमने काही होत नाही म्हणणारे बहुतेक ते पानासारखं चघळतात. मग निकोटिन थुंकीबरोबर पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं, तलफ तशीच. हळूहळू चावा, जिभेला झिणझिण लागली की थांबा, गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्या. झिणझिण गेली की पुन्हा. एक गोळी अर्धा तास चालते. आधी १५ मिनिटं आणि तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नको. तोंड आंबट झालं की निकोटिन शोषलंच जात नाही. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर २ मिलिग्रॅमची गोळी कमी पडते, डॉक्टरांना ४ ची विचारा. दिवसाला दहाच्या वर असतील तर सोबत २१ मिलिग्रॅमचा पॅच, रोज जागा बदलून. पॅच चढायला काही तास लागतात, म्हणून अचानक आलेल्या तलफेला गोळी आणि दिवसभराच्या आधाराला पॅच. नुसतं एकच घेऊन हार मानू नका.

निपाणी_वखार:
विडीवाल्यांसाठी एक जोडतो. तेंदूच्या पानातून हवा खेळत नाही, विडी विझते, म्हणून झुरके जास्त आणि खोल. नुसत्या विड्या मोजून डोस ठरवू नये; उठल्यावर पहिली किती मिनिटांत लागते, तेच विचारावं.

टिळकवाडी_कट्टा:
८० टक्क्यांचा आकडा सांगायला हवा होता, चूक माझी. तरी ती माणसं धूर ओढत नव्हती, हे मी सोडणार नाही. नियमांत बांधलेली विक्री बंदीपेक्षा बरी. मात्र आज इथं सोडायचं असेल तर चिकोडीवाल्यांनी सांगितलेलीच वाट हाताशी आहे. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत जड, त्रास दोन ते चार आठवडे. मोफत सल्ल्याला १८००-११२-३५६.