पहिला गिअर टाकताच गाडी बंद पडते, लवकर मदत हवी आहे

नवशिकी
बाईक एका बटणात सुरू होते, न्यूट्रलमध्ये व्यवस्थित चालू राहते. पहिला गिअर टाकला की बंद. दोनतीनदा असं झालं की मग निघते, पण हळू चालवताना झटके मारते. प्लग नवीन टाकला आहे, बॅटरी चार्ज आहे. नेमका कोणता पार्ट बदलू ते सांगा. रोज निघायच्या वेळी हेच होतं आणि मागून हॉर्न वाजायला लागले की काही सुचत नाही.

रॉकेलवाला
कार्ब्युरेटर साफ करा. त्यातल्या पायलट जेटचं, म्हणजे आयडलला पेट्रोल सोडणाऱ्या तोटीचं भोक जेमतेम ०.३५ ते ०.४ मिमी असतं, जरा गाळ बसला की आयडलला (रेस न देता इंजिन चालू असताना) पेट्रोल कमी पडतं आणि लोड आला की इंजिन बसतं. फ्लोट बोलच्या (कार्बच्या तळाच्या पेट्रोलच्या वाटीच्या) खालचा ड्रेन स्क्रू सैल करून पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा. पाणी असेल तर तळाशी वेगळं दिसेल. जेटमध्ये तार घालू नका, भोक मोठं होतं. क्लीनर आणि हवेचा झोत, बास.

पाना_दहाचा
गाडीला कार्ब्युरेटर आहे की फ्युएल इंजेक्शन, हे तरी आधी विचारा. इंजेक्शनच्या गाडीत हे जेट नसतंच.

नवशिकी, हे सांगा:
१. किती सीसी, कार्ब की इंजेक्शन?
२. क्लच पूर्ण दाबलेला असताना गिअर टाकताक्षणी बंद पडते, की क्लच सोडताना?
३. बंद पडताना गाडी पुढे झटका खाते, की नुसतीच गप्प होते?
४. थंड असतानाच होतं, की गरम झाल्यावरही?

नवशिकी
१२५ सीसी, कार्ब्युरेटर. क्लच दाबूनच गिअर टाकते हो, तेवढं येतं मला. काय बदलायचं ते सांगा ना.

तिसरा_गिअर
साईड स्टँडचा स्विच. शंभर टक्के. स्टँड खाली असताना न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहतं, गिअर टाकला की स्विच इग्निशन तोडतो. स्टँड वर केला तरी स्विचमध्ये चिखल अडकला असेल तर त्याला स्टँड खालीच वाटतो. पाण्याने धुवा, ब्रशने घासा, प्लंजर किंवा चुंबक नीट सरकतोय का बघा.

पाना_दहाचा
शक्यता आहे, पण म्हणूनच तिसरा प्रश्न विचारला होता. स्विचने तोडलं तर इंजिन किल्ली फिरवल्यासारखं गप्प होतं, गाडी जागची हलत नाही. क्लच नीट सुटत नसेल तर गाडी पुढे उडी मारते आणि मग बंद पडते. आणि क्लच सोडताना बंद पडत असेल तर बहुधा आयडल कमी, पेट्रोल कमी, नाहीतर सोडण्याची पद्धत. तीन वेगळे आजार आहेत, औषधं पण वेगळी. उत्तर मिळेपर्यंत कोणताही पार्ट विकत घेऊ नका.

नवशिकी
उडी मारते. हँडल घट्ट धरावं लागतं इतकी. सकाळी थंड असतानाच होतं, दुपारी तीच गाडी गुपचूप पहिल्यात जाते. स्टँड वर असतो.

खटपट्या
आयडल वाढवा की. कार्बवर स्प्रिंगवाला मोठा स्क्रू असतो, अर्धा फेरा आत फिरवा. १८००-२००० आरपीएमला ठेवली की बंद पडणारच नाही.

पाना_दहाचा
हे कृपया करू नका. क्लच दाबूनही प्लेटा चिकटून राहत असतील तर आयडल जितका जास्त तितकी उडी मोठी. इंजिन बंद पडणार नाही, गाडी समोरच्यावर जाईल. छोट्या गाड्यांचा गरम आयडल साधारण १४०० आरपीएम, शंभर इकडेतिकडे. तो गरम इंजिनावरच लावायचा.

नवशिकी, तुमच्या वर्णनावरून हा क्लच ड्रॅग आहे, म्हणजे लिव्हर दाबूनही क्लच पूर्ण सुटत नाही. क्लच तेलात बुडालेला असतो. गाडी रात्रभर उभी राहिली की घर्षण प्लेटा आणि स्टीलच्या प्लेटा एकमेकींना ओल्या काचांसारख्या चिकटतात. लिव्हर दाबला की प्रेशर प्लेट थोडीशीच मागे सरकते. केबल ढिली असेल तर तेवढीही सरकत नाही. गरम झाल्यावर तेल पातळ होतं आणि प्लेटा सुटतात, म्हणून दुपारी त्रास नाही.

खात्री अशी करा. सकाळी इंजिन बंद, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण दाबा आणि गाडी पुढेमागे ढकला. जड जाऊन एकदम 'टक्' करून मोकळी झाली तर प्लेटा चिकटल्या होत्या. सुरू करण्याआधी रोज एवढं केलं तरी उडी बरीच कमी होईल. पण मुळात केबल मोजा. लिव्हरच्या टोकाला प्ले १० ते २० मिमी हवा.

नवशिकी
प्ले कुठून कुठपर्यंत मोजायचा?

पाना_दहाचा
लिव्हरच्या टोकाच्या गोळ्यापाशी पट्टी धरा. बोटाने हलकेच ओढा, सुरुवातीला सैल सरकतो आणि एका जागी स्प्रिंगचा जोर लागतो. तिथपर्यंतचं अंतर म्हणजे प्ले.

नवशिकी
३० मिमीच्या वर आहे. लिव्हरजवळचा ॲडजस्टर जवळजवळ सगळा बाहेर आलेला आहे, दोन आटे राहिलेत.

वळणदार
मग तो आणखी बाहेर काढू नका, आटे तुटतील. वरचा ॲडजस्टर बारीक फरकासाठी, खरं काम खालच्याने करायचं. वरची लॉकरिंग सैल करून ॲडजस्टर पूर्ण आत घ्या. खाली इंजिनच्या कव्हरपाशी केबल ब्रॅकेटमधून जाते, तिथे दोन नट आहेत, १० किंवा १२चा पाना. मागचा लॉकनट सैल करून केबलचं आवरण ताणलं जाईल असं फिरवा आणि लिव्हरला १५ मिमी मिळालं की थांबा. मग लॉकनट कसा.

प्ले शून्य करू नका, हे महत्त्वाचं. प्ले नसला की क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो, वरच्या गिअरमध्ये रेस दिली की इंजिन ओरडतं पण गाडी वेग घेत नाही, आणि प्लेटा जळतात. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा, प्ले बदलता कामा नये. आणि लिव्हरच्या आतल्या निपलपाशी (केबलच्या टोकाच्या गोळ्यापाशी) केबलच्या तारा सुटल्या आहेत का बघा. एकही तार तुटलेली दिसली तर केबल बदला, बाकीच्या फार काळ टिकत नाहीत.

चेनमुक्त
न्यूट्रल लागत नसेल तर गाडी थांबण्याआधीच, चाक फिरत असताना, दुसऱ्यातून अर्धा दाब देऊन लावा. उभ्या गाडीत गिअरचे दात समोरासमोर अडकतात, म्हणून किंचित पुढेमागे हलवावी लागते.

तिसरा_गिअर
न्यूट्रलबद्दल कोणी विचारलेलं नाही, पण मुद्दा बरोबर आहे. क्लच ड्रॅग असला की उभ्या गाडीत न्यूट्रलही सापडत नाही. नवशिकी, तसं होतं का?

नवशिकी
हो!! सिग्नलला न्यूट्रलचा दिवा लागतच नाही, पहिला नाहीतर दुसरा. मला वाटलं पायाची सवय नाही म्हणून. केबल लावली, आता १५ मिमी आहे. दुपारी न्यूट्रल लगेच लागतो. सकाळची उडी कमी झाली पण गेली नाही. ऑइल बदलू का? कधीचं आहे कल्पना नाही. गाडी वापरलेली घेतली आहे, त्याआधी बरेच महिने उभीच होती.

रॉकेलवाला
बरेच महिने उभी होती! ही गोष्ट पहिल्या ओळीत हवी होती. मग माझं कार्ब्युरेटरचं म्हणणं कायम आहे. जुन्या पेट्रोलचा चिकट थर जेटमध्येच बसतो. हळू चालवतानाचे झटके तिथूनच येत असणार.

पाना_दहाचा
पायलट जेट चोंदला असता तर न्यूट्रलमध्येही चोक ओढल्याशिवाय आयडल टिकला नसता. त्या म्हणताहेत की व्यवस्थित टिकतो. बोलमधलं पेट्रोल काढून टाका, त्याला माझीही हरकत नाही. कार्ब खोलायची घाई नको.

ऑइल मात्र नक्की बदला. आधी किती आणि कोणतं भरलं आहे हे माहीत नसताना दुसरा पर्याय नाही. चारचाकीचं इंधन वाचवणारं तेल भरलं असेल तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच घसरतो. डब्यावर 'जासो एमए' किंवा 'एमए२' लिहिलेलं असलं पाहिजे, ते ओल्या क्लचसाठीच असतं. 'एमबी' गिअरवाल्या गाडीत नको.

खटपट्या
आणि २०डब्ल्यू-५० भरा. जाड तेल इंजिनाला जपतं, आवाजही कमी होतो.

वळणदार
ज्या गाडीला सकाळी थंड तेलामुळे क्लच सुटत नाही, तिला आणखी जाड तेल? उलटं आहे. १०डब्ल्यू-३० मधला १०डब्ल्यू थंडीतल्या वहनासाठीच असतो. छोट्या इंजिनांच्या तेलवाटा अरुंद असतात, सुरू केल्यावर कॅमपर्यंत तेल लवकर पोचणं महत्त्वाचं.

खटपट्या
कडक उन्हात तासन्‌तास चालवणाऱ्याला १०डब्ल्यू-३० पातळच पडतं. एअरकूल्ड इंजिन आहे, रेडिएटर नाही.

पाना_दहाचा
दोघेही मॅन्युअल उघडा. बहुतेक मॅन्युअलमध्ये तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असतो, त्यात बसेल ते भरा. वाद मिटला.

नवशिकी, मॅन्युअलमध्ये तेलाचे दोन आकडे दिसतील. मोठा आकडा इंजिन पूर्ण खोलल्यावरचा, लहान आकडा ड्रेन केल्यावरचा. तुम्हाला लहान हवा. या आकाराच्या इंजिनांना साधारण १ लिटरच्या आसपास लागतं. मोठा आकडा वाचून भरलं तर तेल जास्त होतं, क्लच त्यात घुसळत राहतो आणि थंड असताना ड्रॅग वाढतो. चार-पाच मिनिटं चालवून इंजिन कोमट करा, मेन स्टँडवर सरळ उभी करा, बोल्ट काढून थेंब थांबेपर्यंत गळू द्या. ड्रेन बोल्टचा वॉशर नवीन घाला. भरल्यावर दोन-तीन मिनिटं चालवा, बंद करून तितकाच वेळ थांबा, मग डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) बघा. डिपस्टिक आटे लावून बघायची की नुसती टेकवून, हे गाडीप्रमाणे बदलतं आणि तिथेच लोकांचा अंदाज चुकतो.

नवशिकी
ऑइल बदललं. जुनं काळं तर होतंच, शिवाय वरच्या खुणेच्याही वर होतं. आता सकाळी नुसता 'टक्' आवाज होतो आणि गिअर पडतो. उडी गेली! पण हळू चालवतानाचे झटके तसेच आहेत. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, रेस सोडली आणि परत दिली की.

तिसरा_गिअर
रेस सोडून परत देताना झटका म्हणजे चेन. इंजिन आणि चाक यांच्यामधला ढिलेपणा आधी भरतो, मग एकदम ओढ बसते. चेन कव्हरच्या खालच्या बाजूला रबरी बूच असतं, ते काढून बोटाने चेन वरखाली करून मोजा. मेन स्टँड, न्यूट्रल, इंजिन बंद. चाक थोडं थोडं फिरवून चारपाच ठिकाणी मोजा. इंजिन चालू ठेवून चेनजवळ बोट किंवा फडकं कधीही नेऊ नका, बोटं जातात.

नवशिकी
एका जागी २५, दुसऱ्या जागी ४५ मिमी. चाक फिरवलं की बदलतं. कोणतं खरं धरू?

वळणदार
सर्वांत घट्ट जागा खरी. तिथे मॅन्युअलमधलं माप बसलं पाहिजे, बऱ्याच छोट्या गाड्यांना ते २० ते ३० असतं. ढिल्या जागी लावलं तर घट्ट जागेत चेन तारेसारखी ताणते आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर भार येतो.

पण २० मिमीचा फरक म्हणजे चेन असमान ताणली आहे, ॲडजस्टमेंटने जाणार नाही. मागच्या स्प्रॉकेटच्या (चेनच्या दातेरी चाकाच्या) पाठीमागे चेन बाहेर ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. जुन्या झिजलेल्या दातांवर नवी चेन लवकर खराब होते. चाक काढलंच आहे तर हबमधली रबरंही बघून घ्या. चाक धरून स्प्रॉकेट पुढेमागे हलवा, खटखट हललं तर रबरं गेली. झटक्यात त्यांचाही वाटा असतो.

नव्या चेनच्या जोडकडीची क्लिप लावताना बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला. उलटी लागली तर निसटू शकते.

चेनमुक्त
बेल्टवाली गाडी घेतली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं. तेलही नको.

रॉकेलवाला
त्यांच्याकडे गाडी आहे, ती दुरुस्त करायची आहे. चेन साफ करायची तर रॉकेल आणि मऊ ब्रश, पेट्रोल नको. ओ-रिंगची (कड्यांत रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर पेट्रोलने रबर खराब होतं. पुसून कोरडी करा आणि ९० नंबरचं गिअर ऑइल चेनच्या आतल्या बाजूने, म्हणजे स्प्रॉकेटला टेकणाऱ्या बाजूने सोडा. गाडी चालवून आल्यावर, चेन कोमट असताना. दर ५०० किमीला, आणि पावसात भिजली की लगेच.

नवशिकी
चेन-स्प्रॉकेटचा सेट बसवला, स्वतःच. ॲक्सल घट्ट केल्यावर माप पुन्हा बदलतं, १५ वर येतं. आणि मागचं चाक हाताने फिरवलं तर जड जातंय.

पाना_दहाचा
दोन गोष्टी. नट कसताना ॲक्सल सरकतो. चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये घडी केलेलं फडकं घालून चाक मागे फिरवा, म्हणजे चेन ॲक्सलला पुढे ओढून ॲडजस्टरवर टेकवते. तसंच धरून नट कसा, फडकं काढा, पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंच्या खुणा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर) सारख्याच रेषेवर हव्यात. नटाला स्प्लिट पिन असेल तर जुनी परत वापरू नका.

चाक जड जाण्याचं कारण ड्रम ब्रेक असणार. चाकाची जागा मागे गेली की ब्रेकचा रॉड ताणला जातो आणि ड्रमच्या आतले ब्रेक शू घासायला लागतात. रॉडच्या टोकाचा नट सैल करा, पॅडलला २० ते ३० मिमी प्ले येईपर्यंत. त्यानंतर ब्रेकचा दिवा तपासा. तो ब्रेक पकडायच्या किंचित आधी लागायला हवा. लागत नसेल तर पॅडलजवळच्या स्प्रिंगवाल्या स्विचची बॉडी एका हाताने धरून फक्त नट फिरवा. बॉडी फिरवली तर आतली वायर पिळवटून तुटते. थोडं चालवून आल्यावर ड्रमला हात लावा, हात ठेवता येणार नाही इतका तापला असेल तर नट अजून अर्धा फेरा सोडा.

नवशिकी
रॉडच होता. नट चार फेरे सोडला, चाक मोकळं फिरतंय. दिवा उशिरा लागतोय, तो स्विच आता लावते.