मिशिगन 2024: माझा अंदाज 9-3 (नऊ विजय, तीन पराभव). कुठे चुकतोय ते सांगा

मेझ_आणि_निळा (धागाकर्ता)

अमेरिकन विद्यापीठ फुटबॉलची एपीची (असोसिएटेड प्रेस वृत्तसंस्थेची) मोसमापूर्वीची क्रमवारी या आठवड्यात, ऑगस्ट 2024मध्ये, आली. जॉर्जिया पहिला, ओहायो स्टेट दुसरा, ओरेगन तिसरा, टेक्सस चौथा. गतविजेते आपण, मिशिगन, नववे. पहिल्या चारांपैकी तिघांशी आपली गाठ आहे, तेव्हा नववा क्रमांक मला रास्त वाटतो. पण कालपासून ओळखीचे दोन-तीन जण "सहा-सहा झालं तरी नशीब" म्हणतायत, ते काही पटत नाही.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी: हा लंबगोल चेंडूचा फुटबॉल, तोही विद्यापीठांचा. 2011च्या ऑगस्टमध्ये मी सांगलीहून अॅन आर्बरला एमएसला आलो. पहिलाच सामना वेस्टर्न मिशिगनशी. विजा चमकायला लागल्या, स्टेडियम रिकामं करायला लावलं आणि तिसरा क्वार्टर (सामन्याच्या चार भागांतला तिसरा) संपायच्या आत 34-10वर सामना थांबवून टाकला. चार प्रयत्नांत दहा यार्ड जायचं, एवढाच नियम मला तोवर समजला होता. तरी ओल्या अंगाने घरी चालत आलो ते पुढच्या शनिवारची वाट बघतच. त्या वर्षी ओहायो स्टेटला, आपल्या जुन्या प्रतिस्पर्ध्याला, 40-34 हरवलं आणि मला वाटलं, हे दरवर्षीच होत असणार. मग 2012 ते 2019, त्यांच्याकडून ओळीने आठ पराभव. हे सांगतोय कारण माझा अंदाज गेल्या मोसमाच्या 15-0च्या धुंदीतून आलेला नाही.

आता मुद्दा. गेला जानेवारी विसरायचा. ह्यूस्टनला वॉशिंग्टनला 34-13 हरवून आपण अजिंक्य झालो आणि तो संघ तिथेच संपला. कोच जिम हार्बॉ एनएफएलमधल्या (व्यावसायिक लीगमधल्या) चार्जर्सकडे गेले. एनएफएल ड्राफ्टमध्ये (व्यावसायिक संघांच्या खेळाडू-निवडीत) एका वर्षात आपले 13 खेळाडू निवडले गेले. जे. जे. मॅकार्थी दहाव्या क्रमांकावर मिनेसोटा वायकिंग्जकडे. एका मोसमात 27 रशिंग टचडाउन (चेंडू घेऊन धावत शेवटची रेषा ओलांडणं) करणारा ब्लेक कोरम गेला. आक्रमणाच्या लाइनमधले (पुढे उभे राहून वाट करून देणारे) पाचही नेहमीचे चेहरे गेले.

राहिलं काय? बचावाचा कणा. मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट, देशातली सर्वांत चांगली टॅकल (बचावाच्या लाइनच्या मध्यावरची) जोडी, असं माझं ठाम मत. कॉर्नरला (बाहेरच्या झेल घेणाऱ्यांना अडवायला) विल जॉन्सन. कडेला जोसाया स्टुअर्ट, डेरिक मूर. गेल्या वर्षी या बचावाने सामन्यामागे फक्त 10.4 गुण दिले, देशात सर्वांत कमी. सेफ्टी (सर्वांत मागचा बचावपटू) रॉड मूर वसंतातल्या सरावात गुडघा गमावून बसला, तो घाव मोठा आहे. पण नवे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाचे प्रशिक्षक) विंक मार्टिनडेल एनएफएलच्या बाल्टिमोर रेव्हन्समध्ये राहिलेले. आपल्या आधीच्या दोन कोऑर्डिनेटरांची पद्धत मुळात तिथलीच. पोरांना भाषा नव्याने शिकावी लागणार नाही.

क्वार्टरबॅक (आक्रमण चालवणारा, पास टाकणारा) कोण, हे नवे कोच शेरोन मूर सांगत नाहीत. डेव्हिस वॉरन, अॅलेक्स ऑर्जी, जॅक टटल. वॉरन शाळेत असताना ल्युकेमियातून उठलेला मुलगा, शिष्यवृत्तीशिवाय संघात आला. ऑर्जीच्या पायांवर माझा विश्वास आहे, हाताचं अजून बघायचंय. मला विचाराल तर वॉरनने सुरुवात करावी. टाइट एंड (लाइनच्या कडेचा, झेलही घेणारा) कोल्स्टन लव्हलँड मधे मोकळा होतो, त्याच्याकडे वेळेवर चेंडू पोचवणारा माणूस हवा, इतकंच.

सामने: फ्रेस्नो स्टेट, आर्कन्सॉ स्टेट, मिनेसोटा, मिशिगन स्टेट, नॉर्थवेस्टर्न घरी जिंकू. यूएससी पहिल्यांदाच बिग टेनचा (आपल्या कॉन्फरन्सचा, म्हणजे संघगटाचा) संघ म्हणून आपल्याकडे येतोय, क्वार्टरबॅक केलेब विल्यम्सशिवाय, जिंकू. वॉशिंग्टन, इलिनॉय, इंडियाना त्यांच्या मैदानावर, तिन्ही जिंकू. पराभव तीन: टेक्सस, ओरेगन आणि कोलंबसला, त्यांच्या गावी, ओहायो स्टेट. हे शेवटचं लिहिताना बोट अडलं. पण मनात आहे ते लिहिलं.

आकडेमोड

असहमत. 7-5.

तुम्ही बचावाचं सगळं बरोबर लिहिलंत, पण लाइनचा विषय एका वाक्यात उरकलात. मिशिगनचं सगळं तंत्रच लाइनवर उभं आहे. क्वार्टरबॅक नवा असेल तर लाइन जुनी लागते, लाइन नवी असेल तर क्वार्टरबॅक मुरलेला लागतो. दोन्ही एकदम नवे, आणि बाहेर झेल घेणारे रोमन विल्सन, कॉर्नेलियस जॉन्सनही नाहीत. मग समोरचा संघ काय करेल? आठ-नऊ माणसं पुढे उभी करेल आणि म्हणेल, टाका पास.

शिवाय हार्बॉ एकटे गेले नाहीत. बचावाचे प्रशिक्षक जेसी मिंटर गेले, आणि बेन हर्बर्टही. हर्बर्ट म्हणजे वजनखोलीतला, ताकदीचा व्यायाम करून घेणारा माणूस. चौथ्या क्वार्टरमध्ये समोरचा दमायचा आणि आपण दमत नव्हतो, ते त्यांच्यामुळे. त्याची किंमत ऑक्टोबरमध्ये कळेल.

वॉशिंग्टनला जिंकू, हे तर फारच सहज लिहिलंत. पहिले पाचही सामने घरी, आणि मग पहिला दौरा थेट सिअॅटलला, ज्यांना आपण अंतिम सामन्यात हरवलं त्यांच्याकडे. त्यांचाही संघ बदललाय, कोच डीबोर अलाबामाला गेले, क्वार्टरबॅक पेनिक्स अटलांटाला गेला, हे मान्य. पण तिथल्या प्रेक्षकांसाठी तो वर्षाचा सामना असेल.

मेझ_आणि_निळा

पेन स्टेटचा सामना आठवून बघा. 11 नोव्हेंबर 2023, सामन्याच्या आदल्या दिवशी हार्बॉंवर बंदी, मूर कोच म्हणून उभे. ओळीने 32 वेळा चेंडू धावून पुढे नेला, मॅकार्थीने अख्ख्या सामन्यात आठ पास टाकले, आणि 24-15ने जिंकलो. पासशिवाय जिंकता येतं हे या माणसाने करून दाखवलंय. आणि चेंडू घेऊन धावणारे डॉनोव्हन एडवर्ड्स, केलेल मलिंग्ज आहेतच. एडवर्ड्सने 2022मध्ये कोलंबसला 75 आणि 85 यार्डांच्या दोन धावा काढल्या होत्या, अंतिम सामन्यात 41 यार्डांची पहिली टचडाउन त्याचीच.

आकडेमोड

त्या 32 धावांपुढे कोण होतं? झिंटर, कीगन, न्यूजंट. लाइनमधली ती माणसं आता एनएफएलकडे गेली. एडवर्ड्सच्या लांब धावा मलाही पाठ आहेत, पण त्या मोकळ्या जागेतल्या आहेत. तिसऱ्या प्रयत्नात तीन यार्ड हवे असताना गर्दीत घुसणारा कोरम होता.

ऑस्टिनवासी

टेक्ससचा सामना पराभवात धरलात, त्याबद्दल आभार. गेल्या सप्टेंबरात टस्कलूसाला जाऊन अलाबामाला 34-24 हरवलेला संघ आहे हा, क्वार्टरबॅक क्विन युअर्स परत आलाय, लाइन जवळजवळ तीच. मला दोन टचडाउनचं अंतर दिसतं.

बकाय_कोल्हापूरकर

मी ओहायो स्टेटचा, म्हणजे बकाय. शिकलो कोलंबसला, वाढलो कोल्हापुरात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबाच्या सामन्याला ज्याचं बालपण गेलं, त्याला पेठेपेठेतली चुरस शिकवावी लागत नाही. म्हणून सांगतो, तीन वर्षं तुमच्याकडून काय सोसलंय ते. 42-27, 45-23, 30-24. तिसऱ्या पराभवानंतर दोन दिवस मी कुणाचा फोन उचलला नाही.

यंदा जॅक सॉयर, टुइमोलोआउ, एगबुका, हेंडरसन हे सगळे एनएफएलला जाऊ शकत असताना मागे राहिले. का राहिले ते सर्वांना माहीत आहे. वर कॅन्सस स्टेटचा विल हॉवर्ड, ओल मिसचा जुडकिन्स, अलाबामाचा केलेब डाउन्स. तुमच्याकडे गेले 13, आले किती?

आणि एक बोलायलाच हवं. मिशिगनचं खुणा (खेळी सांगायचे इशारे) चोरण्याचं प्रकरण धाग्यात कुठेच नाही. पुढे ज्यांच्याशी खेळायचंय त्यांच्या सामन्यांना माणसं पाठवून खुणा टिपणं नियमात बसत नाही. त्या विजयांना डाग आहे, असं मी मानतो.

मेझ_आणि_निळा

लिहायला हवं होतं, बरोबर. ज्या कर्मचाऱ्यावर आरोप होता त्याने 3 नोव्हेंबर 2023ला राजीनामा दिला. त्यानंतर आपण पेन स्टेट, ओहायो, अलाबामा आणि वॉशिंग्टनला हरवलं. त्यातल्या पेन स्टेट आणि ओहायोच्या वेळी हार्बॉ मैदानावरही नव्हते. त्याआधीच्या सामन्यांबद्दल तुमच्या मनात शंका असेल तर मी ती काढू शकत नाही. चौकशी चालू आहे, जे ठरेल ते आपण भोगू. पण 30-24 तरी डाग नसलेला आहे.

शॅम्पेनकर

इलिनॉयचा सामना तुम्ही तीन शब्दांत जिंकलात. तारीख बघितलीत का? 19 ऑक्टोबर. 18 ऑक्टोबर 1924ला आमच्या मेमोरियल स्टेडियमचं अर्पण झालं, पाहुणे मिशिगन. रेड ग्रेंजने पहिल्या बारा मिनिटांत चार टचडाउन केले आणि इलिनॉय 39-14ने जिंकलं. त्याची शंभरी म्हणून मुद्दाम मिशिगनच बोलावलंय. आम्ही काही प्लेऑफचा (मोसमाअखेरच्या बाद फेरीचा) संघ नाही, कबूल. पण कोच बेलेमांचे संघ चिवट असतात, आणि त्या एका दुपारसाठी आमच्या गावात उन्हाळ्यापासून बोलणं चाललंय. तुमच्यासाठी तो वॉशिंग्टननंतरचा आणि मिशिगन स्टेटआधीचा एक सामना. अशाच जागी घसरगुंडी होते.

यप्सीची_मावशी

दोन प्रश्न आणि एक भांडण.

पहिला प्रश्न, बारा संघांची प्लेऑफ म्हणजे 9-3वर आत जातो का आपण? दुसरा, कॉन्फरन्सच्या दोन गटांचं काय झालं?

मेझ_आणि_निळा

मावशी, गट गेले. ओरेगन, वॉशिंग्टन, यूएससी, यूसीएलए आल्यावर बिग टेनमध्ये 18 संघ झाले, एकच यादी, वरचे दोन इंडियानापोलिसला अंतिम सामन्याला. प्लेऑफमध्ये पाच सर्वोत्तम कॉन्फरन्स विजेते, बाकी सात जागा समितीच्या क्रमवारीने. 2024च्या नियमाने वरच्या चार विजेत्यांना पहिली फेरी माफ, पाच ते आठ यांना पहिला सामना स्वतःच्या मैदानावर. डिसेंबरच्या थंडीत बिग हाउसमध्ये (आपल्या स्टेडियममध्ये) प्लेऑफ, कल्पना करा! 9-3वर मात्र दारातच उभे राहू. आपली सामन्यांची यादी अवघड आहे म्हणून समिती विचार करेल, पण हमी नाही. 10-2 असेल तर नक्की.

यप्सीची_मावशी

आता भांडण. अरे, आपल्या माणसाने कोलंबसचा पराभव ऑगस्टमध्येच लिहून द्यायचा? मी तेवीस वर्षं अॅन आर्बरशेजारी राहते. ती आठ वर्षं मीही काढलीत, दर नोव्हेंबरात जेवणाच्या टेबलावर कुणी बोलायचं नाही. पण आत्ता भावनेने बोलत नाही, ऐक.

ओहायोचा सेंटर (लाइनच्या मध्यावरचा, चेंडू मागे देणारा) या वर्षी कोण? सेथ मॅक्लॉफ्लिन. तो अलाबामाहून आलाय. जानेवारीतला रोझ बोल आठव, अलाबामाशी झालेला उपांत्य सामना. त्याचे स्नॅप (क्वार्टरबॅककडे मागे दिलेले चेंडू) सबंध दुपार खाली जात होते. ओव्हरटाइममधला शेवटचा चेंडूही खालीच गेला, त्यांचा क्वार्टरबॅक मिल्रो तिथेच अडला, आपण 27-20 जिंकलो. आणि त्या दिवशी बचावाचा मानकरी कोण ठरला? मेसन ग्रॅहम. म्हणजे 30 नोव्हेंबरला तोच सेंटर आणि त्याच्यासमोर तोच ग्रॅहम, बाजूला ग्रँट. त्यांनी पैसे आणि माणसं कडेला आणि मागे लावलीत. मधल्या लाइनला जो प्रश्न होता तो बराचसा तसाच आहे. तू स्वतःच म्हणतोस की आपली ताकद नेमकी मध्यावर आहे. मग त्यांची कमजोर जागा आणि आपली भक्कम जागा समोरासमोर येत असताना पराभव कसा लिहिलास?

बकाय_कोल्हापूरकर

मावशी, मॅक्लॉफ्लिनने उन्हाळाभर तेवढंच काम केलंय. आणि ग्रॅहम-ग्रँट थांबवतील धाव, पण पास कोण थांबवणार? एका बाजूला एगबुका, दुसऱ्या बाजूला जेरेमाया स्मिथ नावाचा पोरगा. तो पहिल्या वर्षाचा आहे, पण लिहून ठेवा नाव.

आकडेमोड

मावशींचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत चांगला मुद्दा आहे. थंडी, वारा, कमी गुणांचा सामना झाला तर मध्यावरच निकाल लागेल. मी माझा 7-5 सोडत नाही, पण त्या सातांत ओहायो असू शकतं. इंडियानाबद्दल मात्र कुणीच बोललं नाही. त्यांचे नवे कोच सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठाला 11-1 करून आलेत, आणि तिथले अर्धे खेळाडू सोबत घेऊन. 9 नोव्हेंबरला ब्लूमिंग्टनला जाताना सहल समजू नका.

मेझ_आणि_निळा

दोन दिवस विचार केला. रोझ बोलचा शेवटचा भाग पुन्हा पाहिला, ते स्नॅप मोजले. मावशी बरोबर आहेत. मी भीतीनेच लिहिलं होतं, आठ वर्षांची सवय.

शॅम्पेनकरांचंही पटलं. वॉशिंग्टनहून आलेला, क्वार्टरबॅक अजून न रुळलेला संघ त्या सोहळ्यात अडखळेल. तेव्हा आकडा 9-3च, पण पराभव बदलतो: टेक्सस, ओरेगन, इलिनॉय. कोलंबसला आपण जिंकू. 20च्या आत गुण, शेवटच्या ताब्यात निकाल. बकायभाऊ, हे तुम्हाला डिवचायला नाही, मला तसंच दिसतंय.

टेक्ससबद्दल एकच. बिग हाउसमध्ये आपण ओळीने 22 सामने जिंकलोय, शेवटचा घरचा पराभव 2020चा, रिकाम्या स्टेडियममधला. 7 सप्टेंबरला दुपारी बारा वाजता लाखावर माणसं असतील. ऑस्टिनवासी, मी पराभव लिहिलाय, पण दोन टचडाउनचं अंतर मानायला तयार नाही.

बकाय_कोल्हापूरकर

नोंद घेतली. 30 नोव्हेंबरला संध्याकाळी याच धाग्यावर भेटू. यंदा फोन उचलेन, जो काही निकाल लागेल तो.

यप्सीची_मावशी

31 ऑगस्टला फ्रेस्नो स्टेट, साडेसातला. आमच्याकडे साबुदाण्याचे वडे आहेत, जवळ असाल ते या. बकायकर, तुम्हीही या, पण तो लाल शर्ट गाडीत ठेवा.

मेझ_आणि_निळा

येतो मावशी. वॉरन की ऑर्जी, ते तोवर कळेल.