बीकॉमनंतर फायनान्शियल इकॉनॉमिक्स: गणित कितपत लागतं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बीकॉम होऊन दीड वर्ष झालं. एका सीएच्या ऑफिसात जीएसटीची रिटर्न भरते. महिन्याची ११ आणि २० तारीख सोडली तर डोक्याला फारसा ताप नाही, आणि तीच अडचण आहे. म्हणून फायनान्शियल इकॉनॉमिक्सच्या मास्टर्सला अर्ज करायचं ठरवलंय. यादीत पहिलं नाव बीएमसीसी रोडच्या गोखले इन्स्टिट्यूटचं. तिथे नाहीच जमलं तर चेन्नईचं मद्रास स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स किंवा हैदराबाद विद्यापीठ. चेन्नई म्हटल्यावर घरात दोन दिवस शांतता होती.

घोडं अडलंय गणितापाशी. बारावीला कॉमर्सचं गणित होतं, डेरिव्हेटिव्ह वगैरे येतात. पण लग्रांज मल्टिप्लायरमध्ये (ठरलेल्या बजेटात जास्तीत जास्त समाधान काढायची रीत) उत्तर निघतं आणि त्यातला तो लॅम्डा म्हणजे नक्की काय, ते समजत नाही. संध्याकाळी नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसते. आजूबाजूला सगळे राज्यसेवावाले. परवा शेजारच्या मुलीने माझ्या वहीतली मॅट्रिक्सची आयगेन व्हॅल्यू बघून विचारलं, "हे सीसॅटला कधीपासून?"

आईचा प्रश्न वेगळाच. दोन वर्षं घालवायचीच तर एमबीए का नको? याचं धड उत्तर माझ्याकडे नाही.

आणखी एक. एसओपीत (अर्जासोबतच्या निवेदनात) दाखवायला म्हणून निफ्टी आणि सोन्याचे दहा वर्षांचे महिनाअखेरचे भाव एक्सेलमध्ये टाकून रिग्रेशन (एकावरून दुसऱ्याचा अंदाज कितपत बांधता येतो ते) चालवलं. आर-स्क्वेअर (१ म्हणजे अंदाज तंतोतंत) ०.८४ आला! लिहू ना?

प्रतिसाद १

नको गं बाई, लिहू नकोस. (वयाने मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करतेय.) दहा वर्षं चढत गेलेल्या कुठल्याही दोन गोष्टी घे. पुण्यातल्या दुचाकी आणि निफ्टी घेतलंस तरी आकडा असाच झकास दिसेल. याला स्प्युरिअस, म्हणजे फसवं रिग्रेशन म्हणतात, ग्रेंजर आणि न्यूबोल्ड या अर्थतज्ज्ञांनी १९७४ मध्येच दाखवून दिलंय. दोन्ही रकान्यांचा लॉग घे, प्रत्येक महिन्यातून मागचा महिना वजा कर आणि परत चालव. मग बोलू.

गणिताचं म्हणशील तर डेरिव्हेटिव्हपायी कोणी गळालेलं मी पाहिलं नाही. आमच्या वर्गाची दांडी गुल झाली ती मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटीत. इकॉनोमेट्रिक्सच्या (आकडेवारीवरून अर्थशास्त्र तपासायचा विषय) सरांनी एके दिवशी अख्खं रिग्रेशन मॅट्रिक्समध्ये लिहिलं, आणि एक्स ट्रान्स्पोज एक्सचा इन्व्हर्स फळ्यावर आला तेव्हा मागचे दोन बाक नुसते उतरवून घेत होते. पुढे अर्थतज्ज्ञ एंगलचं १९८२ चं आर्च मॉडेल येतं. त्यात भावांची आजची अस्थिरता कालच्या धक्क्यांवर ठरते. कंडिशनल एक्स्पेक्टेशन (आधीचं माहीत धरून काढलेली सरासरी) पक्कं नसेल तर तो तास नुसता ऐकायचा. तेव्हा आत्ता हातात वेळ आहे तो मॅट्रिक्स आणि प्रोबॅबिलिटीला दे.

लॅम्डा सोपा आहे. खर्चायला एक रुपया जास्त मिळाला तर समाधान साधारण किती वाढेल, तो लॅम्डा.

आईला सांग, एमबीएत कंपनीने पैसा कसा उभारावा आणि कुठे लावावा हे शिकतात, इथे बाजारात भाव ठरतो तो कसा ठरतो हे खणतात. नोकऱ्या पुष्कळदा त्याच असतात, आणि सुरुवातीचा पगार चांगल्या एमबीएवाल्याचा जास्त असू शकतो. हेही सांग, नाहीतर नंतर ऐकवतील.

प्रतिसाद २

एक्सेल सोडा आणि आर ही आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा शिका. फुकट आहे. आणि एसओपीची सुरुवात "लहानपणापासून मला अर्थशास्त्राची आवड" अशी करू नका, कुणालाच नसते.

धागाकर्ती

ताई, तुम्ही सांगितलं तसं केलं. ०.८४ चा ०.०२ झाला. आधी वाटलं सूत्रच चुकलं, म्हणून रकाना दोनदा तपासला. अभ्यासिकेत एकटीच हसत होते.

एसओपीत आता हाच किस्सा लिहिते, दोन्ही आकड्यांसकट. मॅट्रिक्सची बारावीची वही माळ्यावरून काढलीय. आईला पगाराचं सांगितलं, ती म्हणाली, "खरं बोललीस ते बरं केलंस," आणि विषय रविवारवर ढकलला.

एवढं अजून सांगा: लॉगचाच फरक का घ्यायचा? साधी टक्केवारी का चालत नाही? दोन्ही करून पाहिले, आकडे जवळपास सारखेच येतात. फक्त मार्च २०२० च्या ओळीत मोठी तफावत दिसतेय.