वनशास्त्रात एम.एस्सी. करायचंय : देहरादून, भोपाळ की कृषी विद्यापीठ?

मोहफूल :

नमस्कार मंडळी. मी गडचिरोलीची, धानोरा तालुक्यातली. यंदा बी.एस्सी. झाले, विषय वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र आणि रसायनशास्त्र. पुढे वनशास्त्रच शिकायचं हे पक्कं आहे, कुठे ते ठरत नाहीये.

का शिकायचंय ते आधी सांगते, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. आमच्या ग्रामसभेला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क, म्हणजे गावचं जंगल राखायचा आणि त्यातला बांबू-तेंदूसारखा माल विकायचा हक्क, मिळालेत. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरचा हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. त्यांच्यामागून आमच्याकडेही बांबू आणि तेंदू ग्रामसभाच विकते. विक्रीचं जमलं. पण जंगलात माल किती आहे आणि दरवर्षी किती काढला तर तो टिकेल, हे कागदावर मांडणारं गावात कोणी नाही. आराखडा बाहेरून तयार होऊन येतो, सह्या आमच्या असतात.

मागच्या कटाईत मी बांबूची बेटं बघत फिरले. नियम सगळ्यांना तोंडपाठ आहे : यंदाचा कोंब तोडायचा नाही, बेटात किमान आठ पक्के बांबू राखायचे, बुंधा वीतभर ठेवून कापायचा. पण मजुरी नगावर. मग कडेचे, हाताला येणारे बांबू आधी जातात आणि बेटाच्या पोटात जुने, वाळके तसेच अडकून राहतात. नवा कोंब तर कडेच्या कोवळ्या बांबूंच्या कंदातूनच फुटतो! अशी बेटं किती झाली, त्याने पुढच्या फेरीचं उत्पन्न किती घटेल, हे काढायचं कसं? ०.१ हेक्टरचा नमुना भूखंड, म्हणजे ३१.६२ मीटर बाजूचा चौकोन, दोरीने आखायला एका दादांनी शिकवलं. पण त्या चौकोनातल्या मोजणीवरून अख्ख्या जंगलाबद्दल किती खात्रीने बोलावं, ते मला येत नाही.

तर देहरादूनच्या वन संशोधन संस्थेची एम.एस्सी., भोपाळच्या भारतीय वन व्यवस्थापन संस्थेचं एमबीए आणि कृषी विद्यापीठांची एम.एस्सी. यांतलं मला काय उपयोगी पडेल? वनस्पतीशास्त्राच्या पदवीवर कुठे घेतात? बारावीपर्यंत मराठी माध्यम होतं, इंग्रजी वाचते पण बोलायला अडखळते. बाबा म्हणतात, एवढं शिकायचं तर सरळ वनाधिकारीच हो. घरच्यांना काय सांगू?

दापोलीचा किंजळ :

मी दापोलीच्या वनविद्या महाविद्यालयातला. आमच्या एम.एस्सी.ला सगळे चार वर्षांची वनविद्येची पदवी करून आलेले होते. कृषी विद्यापीठांत साधारण तोच प्रकार असतो, तीन वर्षांच्या बी.एस्सी.ला तिथे अडचण येते. माहितीपत्रकातली पात्रता वाचल्याशिवाय अर्जाचे पैसे भरू नकोस. तुझा प्रश्न वनमापन (जंगलातला माल मोजण्याचं शास्त्र) आणि नमुना पाहणीचा आहे. कुठेही गेलीस तरी संख्याशास्त्र मनापासून कर, आमच्यातले बरेच जण तिथेच कच्चे राहतात.

देवदार_डेहराडून :

ताई, देहरादूनला वनस्पतीशास्त्राची पदवी चालते. मी स्वतः रसायनशास्त्र घेऊन गेलो होतो. प्रवेश परीक्षा असते, अभ्यासक्रम दोन वर्षांचा. वनसंवर्धन, वनमापन, वनव्यवस्थापन, माती, कीड-रोग, लाकडाचे गुणधर्म असं सगळं येतं. तिथल्या आवारात आणि आजूबाजूला साल दिसेल, तुझ्याकडे साग, ऐन नि बांबू. म्हणून शेवटी लघुप्रबंधाची वेळ आली की विषय तुझ्याच जंगलातला माग. ग्रामसभेच्या बेटांची मोजणी हा उत्तम विषय आहे. आतापासूनच प्रत्येक बेटातले एक वर्षाचे, दोन वर्षांचे आणि जुने बांबू वेगवेगळे मोजून वहीत लिहायला लाग.

भोपाळही वाईट नाही, पण ते व्यवस्थापनाचं शिक्षण आहे. कॅटसारखी व्यवस्थापनाची प्रवेश परीक्षा द्यावी लागेल आणि खर्चही जास्त. लिलाव, करार, बाजार हे गावाला हवं असेल तर तिकडे जा. तू लिहिलंयस त्यावरून तुला जंगल मोजायचंय, म्हणून माझं मत देहरादून.

इंग्रजीची काळजी पहिल्या सहामाहीपुरती असते. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं हिंदीतच बोलायची.

जुना कूप :

पोरी, माझी सारी नोकरी वनखात्यात गेली. बाबांना सांग, भारतीय वन सेवेच्या परीक्षेला एम.एस्सी. लागत नाही, तुझी आत्ताची पदवी पुरते. पूर्वपरीक्षा नागरी सेवेबरोबरच होते, पुढे दोन वैकल्पिक विषय. वनस्पतीशास्त्र आणि वनशास्त्र ही जोडी चालते. शेवटी मुलींना चार तासांत १४ किलोमीटर चालून दाखवावं लागतं, ते तुला जड नाही. म्हणजे एम.एस्सी. करताना तो रस्ता बंद होत नाही, अभ्यास दोन्हीकडे कामाला येतो.

बेटांचं म्हणशील तर घोड्याच्या नालेसारखी कटाई करून बघा. एका बाजूने आत शिरायला वाट पाडायची, मधले जुने काढायचे, कडेचे कोवळे राखायचे. मजुरी नगावर न देता बेट साफ करण्यावर दिली तरच माणसं आत शिरतील. हे ग्रामसभेत आधी ठरवा, त्यासाठी तुझी पदवी व्हायची वाट बघू नका.

मोहफूल :

काका, दादा, मनापासून आभार. मजुरीचा मुद्दा पुढच्या ग्रामसभेत मांडते. देहरादूनचा अर्ज भरणार. आता एकच : प्रवेश परीक्षेचा अभ्यास पदवीच्या पुस्तकांवर भागेल, की वनशास्त्राचं वेगळं काही वाचावं लागेल?

देवदार_डेहराडून :

मूलभूत विज्ञान, अंकगणित, इंग्रजी आणि सामान्य ज्ञान पक्कं कर. जुन्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे आहेत, व्यक्तिगत निरोपातून पाठवतो.