४के मध्येही सुपरहिरोपटातली शेवटची लढाई डकवल्यासारखी का दिसते?

पडदाप्रेमी
एका मोठ्या सुपरहिरोपटाची शेवटची लढाई थिएटरात पाहिली तेव्हाच काहीतरी खटकलं होतं. भर दुपार, मोकळं आकाश, मागे डोंगर, आणि तरी नायक त्या जागी उभा आहे असं काही वाटेना. आता तोच चित्रपट घरी ४के मध्ये स्ट्रीम करून पाहिला तर आणखीच वाईट. आकाशात रंगांचे पट्टे, स्फोटाच्या धुरात चौकोन, आणि नायक तर कात्रीने कापून डकवलेला. टीव्ही चांगला आहे, एचडीआरसुद्धा आहे, म्हणजे उजेड-काळोखाचा जास्त आवाका दाखवतो. मग दोष टीव्हीचा, स्ट्रीमिंगचा की व्हीएफएक्सचाच, म्हणजे संगणकावर घडवलेल्या दृश्यांचा? डिस्क घेतली तर फरक पडेल का?

निळा_चौकोन
आधी टीव्हीचं मोशन स्मूदिंग बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा असतो, टीव्ही मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालतो आणि वेगाने हलणाऱ्या माणसाच्या कडा त्यात फाटतात. सेटिंगमध्ये फिल्ममेकर मोड असेल तर तोच लावा. पट्टे त्याने जाणार नाहीत.

कंपवाला
तुम्ही दोन वेगळी दुखणी एकत्र सांगितली आहेत. मी कंपोझिटिंग करतो. कलाकाराचा शॉट, संगणकावर बनवलेली पार्श्वभूमी, धूर, ठिणग्या हे सगळं एका चौकटीत बसवणं हे माझं रोजचं काम.

पट्टे आणि चौकोन हे चित्र तुमच्यापर्यंत पोचताना झालेलं नुकसान आहे. थिएटरच्या डिजिटल कॉपीत प्रत्येक रंगाला १२ बिट, म्हणजे ४०९६ पायऱ्या मिळतात आणि डेटा सेकंदाला २५० मेगाबिटपर्यंत जाऊ शकतो. घरच्या एचडीआरला बहुतेक वेळा १० बिट, म्हणजे १०२४ पायऱ्या. स्ट्रीमिंगचा डेटा त्या मानाने फारच थोडा. त्यात धूर, पाऊस, उडणारी माती प्रत्येक फ्रेममध्ये बदलते, तिथे कॉम्प्रेशन, म्हणजे डेटा आकसून लहान करणं, आधी हात टेकतं. अल्ट्रा एचडी डिस्कवर डेटा सेकंदाला १०० मेगाबिटच्याही वर जाऊ शकतो, त्यामुळे हा त्रास बराच कमी होईल.

डकवलेला नायक मात्र डिस्कवरही तसाच राहील, कदाचित जास्तच उठून दिसेल. तो दोष चित्रातच आहे.

एक करा. तो शॉट थांबवा आणि नायकाच्या नाकाखाली, हनुवटीखाली बघा. भर दुपारच्या उन्हात तिथे ठसठशीत सावली हवी. ती नसेल आणि सगळ्या चेहऱ्यावर सारखाच मऊ उजेड असेल, तर बहुतेक तो कलाकार स्टुडिओत निळ्या किंवा हिरव्या पडद्यासमोर उभा होता आणि मागे काय येणार हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. कुठल्याही पार्श्वभूमीवर चालावा असा उजेड लावला की तो कुठेच धड चालत नाही! मग केप बघा. लांबच्या डोंगराचा सगळ्यात गडद भागही हवेमुळे निळसर राखाडी दिसतो. नायक त्या डोंगराजवळ लांब उभा असूनही त्याची केप काळीकुट्ट असेल, तर तो तिथला वाटणार नाही. पायाखालची सावली तर बघाच.

लोक लगेच रिझोल्यूशनवर घसरतात, ते मला अजिबात पटत नाही. व्हीएफएक्सने भरलेले कितीतरी चित्रपट २के मध्येच पूर्ण झाले आणि नंतर ४के मध्ये वाढवले गेले. ४के म्हणजे चौपट पिक्सेल, प्रत्येक शॉटचं रेंडरिंग, म्हणजे संगणकाकडून अंतिम चित्र काढून घेणं, तितकंच जड. पण उजेड बरोबर असेल तर २के डोळ्यांत खुपत नाही, आणि चुकलेला उजेड कितीही पिक्सेलनी सुधारत नाही.

मूळ दुखणं उशिरा बदलणाऱ्या निर्णयांचं आहे. माझ्याकडे एक शॉट आला होता, सूर्यास्ताचा म्हणून चित्रित केलेला. गालाच्या कडेला सुंदर नारिंगी उजेड होता. संकलनात प्रसंग पुढे-मागे झाला आणि मागे दुपार आली. तो नारिंगी रंग काढत गेलो तसा गाल राखेसारखा झाला, त्वचेतला जीवच गेला. उजेड चेहऱ्यावर एकदा पडला की रंग बदलता येतो, दिशा बदलत नाही. हे बघणाऱ्याला नाव देता आलं नाही तरी जाणवतंच. प्रदर्शनाची तारीख मात्र पुढे जात नाही, आणि शिव्या आर्टिस्टला. सप्टेंबर २०२३ मध्ये मार्व्हलच्या व्हीएफएक्स कर्मचाऱ्यांनी संघटनेसाठी एकमताने मतदान केलं, त्यामागे कामाच्या तासांचा आणि वेळापत्रकाचा प्रश्न होताच.

पडदाप्रेमी
थांबवून पाहिलं. नाकाखाली सावलीच नाही! आता तेच दिसत राहणार. पण याच चित्रपटातला रात्रीच्या पावसातला पाठलाग झकास वाटतो. अंधारात दोष लपतात म्हणून का?

कंपवाला
थोडे लपतात, पण तेवढंच नाही. रात्री उजेड कुठून येतोय हे चित्रीकरणाच्या दिवशीच ठरवावं लागतं: हा दिवा, ती गाडी, तो फलक. सेटवर कलाकाराच्या ओल्या खांद्यावर खरी चमक पडते आणि आम्हाला तिच्याच मागे जायचं असतं. दुपारच्या आकाशाचं तसं कोणी आधी ठरवत नाही.

आधी ठरवलं तर काय होतं ते २०२२ च्या ‘द बॅटमॅन’मध्ये बघा. काही प्रसंगांत कलाकारांमागे मोठे एलईडी पडदे होते आणि त्यावर शहराचं आकाश चालू होतं. अर्धवट बांधलेल्या इमारतीवरच्या प्रसंगात त्या आकाशाचा उजेड थेट मुखवट्यावर आणि खांद्यांवर येतो. अर्थात त्यासाठी ते आकाश चित्रीकरणाआधी तयार असावं लागतं, आणि नंतर कोणी ‘इथे दुपार करून द्या’ म्हणालं तर पंचाईत तीच.

निळा_चौकोन
म्हणजे डिस्क घ्यायची की नाही?

कंपवाला
त्या पावसाच्या पाठलागासाठी जरूर घ्या. पाऊस आणि काळोख दोन्ही स्ट्रीमिंगला झेपत नाहीत, तिथे फरक लगेच कळेल. शेवटच्या लढाईसाठी म्हणाल तर पैसे वाचवा.