सल्ला हवा: जुनं पेट सीटी घेताना बारीक क्रिस्टलसाठी जास्त पैसे मोजावेत का?

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी. आमच्या सेंटरला रिफर्बिश्ड पेट सीटी घ्यायचंय (पेशंटला दिलेलं किरणोत्सारी औषध शरीरात कुठे जमलं ते पेट दाखवतं, सोबत सीटी), फिजिक्सचं मी बघतो. बजेट साडेचार कोटी, वर एक रुपया नाही. दोन मशीन बघितली, दोन्हीत फोटॉन पकडणारे क्रिस्टल एलएसओ नावाच्या पदार्थाचे, एकाचे 4 मिमी रुंद, दुसऱ्याचे 6.4. 4 वालं बजेटमध्ये जेमतेम बसतं आणि इंजिनिअर बेंगळुरूहून येणार, दुसरं बरंच स्वस्त, सर्व्हिस पुण्यातून. इमेजमध्ये खरंच किती फरक पडेल?

नाशिकचा_आप्पा: जुनं घेऊच नका. आम्ही गेल्या वर्षी नवीन डिजिटल घेतलं, सिलिकॉन फोटोमल्टिप्लायरवालं, काय इमेज येते राव, 5 मिमीची गाठ सुद्धा दिसते. थोडं कर्ज काढा पण नवीनच घ्या.

कृष्णाकाठ: आप्पा, बजेट वर लिहिलंय हो.

अणुरेणू: फक्त क्रिस्टलवर जाऊ नका. औषधातल्या किरणोत्सारी अणूतून पॉझिट्रॉन (धन भाराचा इलेक्ट्रॉन) निघाल्यावर थोडा भटकतो आणि मग इलेक्ट्रॉनला भेटतो, फ्लोरिन 18 या अणूला धूसरपणात याची भर अर्ध्या मिमीची. त्या भेटीतून सुटणारे दोन फोटॉन नेमके 180 अंशात निघत नाहीत, त्याची भर क्रिस्टलच्या रिंगच्या व्यासाच्या 0.0022 पट, म्हणजे 80 सेंमीच्या रिंगला 1.8 मिमी, हे कुठल्याच कंपनीला टाळता येत नाही. क्रिस्टलची भर रुंदीच्या निम्मी, 2 किंवा 3.2. ब्लॉकमधल्या कुठल्या क्रिस्टलला फोटॉन लागला हे ओळखण्यातली चूक 2 धरा. सगळ्यांचे वर्ग, बेरीज, वर्गमूळ, आणि रिकन्स्ट्रक्शनचे (इमेज रचण्याचे) 1.25 पट. 4 ला एकूण धूसरपणा येतो 4.2 मिमी, 6.4 ला 5.3. हे मध्यभागी हं. कडेला फोटॉन तिरका शिरतो, 2 सेंमी लांब क्रिस्टलमध्ये किती खोल थांबला ते कळत नाही, तिथे दोन्ही मशीन बिघडतात. मी 4 घेईन.

वऱ्हाडी_बाणा: टाइम ऑफ फ्लाइट (दोन फोटॉन पोचण्याच्या वेळेतला फरक मोजणं) आहे का ते बघा, असेल तर शार्पनेस आपोआप वाढतो.

अणुरेणू: नाही दादा. 500 पिकोसेकंद म्हणजे रेषेवर साडेसात सेंमीचा अंदाज, त्यातून मिमीची धार कुठून येणार? नॉइज मात्र कमी होतो, जाड पेशंटमध्ये जास्तच.

वऱ्हाडी_बाणा: आमच्याकडे तर डोळ्यांना फरक दिसतो, रोज बघतो मी.

अणुरेणू: दिसणारच, नॉइज कमी म्हणून फिल्टर हलका चालतो.

परळकर: 2002 ला रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देशातलं पहिलं पेट लागलं तेव्हा मी परळलाच शिकत होतो, मुद्दाम बघायला गेलो होतो. इतक्या वर्षांत एकच शिकलो, पेशंट हलला की संपलं. एका बेडला, म्हणजे शरीराच्या एका टप्प्याला, 2-3 मिनिटं लागतात, तेवढ्यात श्वासाने डायफ्रॅम सेंटीमीटरभर सहज वरखाली होतो. तरी घ्यायचं तर 4 च.

साताऱ्याची_टेक: परळकर सरांना +1. आमच्याकडे एसी एवढा की एक आजी कुडकुडायला लागल्या, हात डोक्यावर धरवेनात, मध्येच खाली घेतले, सीटीशी काहीच जुळेना, सगळा स्कॅन परत केला, त्या आजींचे हाल झाले ते आठवलं की अजून वाईट वाटतं. आता आधी ब्लँकेट आणि हातांना उशा. मशीन 4 वालं घ्या, डॉक्टर लोक तुलना करतात.

गामा_गोवेकर: प्रोस्टेटचे पीएसएमए (प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशींवरचं प्रथिन) स्कॅन करणार का? त्यात बऱ्याचदा वापरतात त्या गॅलियम 68 चा पॉझिट्रॉन पाण्यात सरासरी 3 मिमीच्या आसपास जातो, फ्लोरिनचा 0.6. तिथे बारीक क्रिस्टलचा फायदा थोडा खाल्ला जातो. पण 4 च.

नाशिकचा_आप्पा: मी तेच म्हणतोय, पॉझिट्रॉन भटकतो. नवीन घ्या.

कृष्णाकाठ: सगळ्यांचे आभार. अणुरेणूताईंचे आकडे घेऊन रात्री बसलो. आमचे काउंट्स (पकडलेले फोटॉन) कमी, म्हणून नॉइज गुळगुळीत करायला 5 मिमीचा फिल्टर लावावाच लागणार. तो वर्गात मिळवला की 4.2 चे होतात 6.5 आणि 5.3 चे 7.3. त्यात सेंटीमीटरचा श्वास ढोबळमानाने धरला की 11.9 आणि 12.4. आमचं निम्मं काम फुफ्फुस आणि लिव्हरचं आहे. 6.4 वालं घेतोय, वाचलेल्या पैशात श्वासाचं गेटिंग (श्वासाच्या ठरावीक टप्प्यातलेच काउंट्स घेणं) आणि हातांचे चांगले सपोर्ट.

अणुरेणू: पण गेटिंगने श्वासाचा धूसरपणा कमी झाला की क्रिस्टलचा फरक परत वर येणार, ते धरलंत का?

कृष्णाकाठ: धरलं ताई. श्वासाचे 4 मिमी उरले तर 7.7 आणि 8.3. पण आमचं एफडीजी (फ्लोरिन 18 जोडलेलं साखरेसारखं औषध) पहाटे बाहेरगावहून गाडीने येतं आणि 110 मिनिटांत निम्मं होतं. मशीन अडलं आणि इंजिनिअर दुसऱ्या दिवशी उगवला तर सकाळपासून उपाशी बसलेले पेशंट परत पाठवायचे, ते मला नाही जमणार. पुण्याचा माणूस दुपारपर्यंत पोचतो.