महिलांसाठी जिमची वेगळी वेळ: संकोचावर उपाय की संकोचाला मुदतवाढ?

गंगापूर रोडची रहिवासी
नाशिकला आमच्या भागात जिमची चौकशी करायला गेलेल्या बाईला शुल्काच्या आधी 'लेडीज बॅच'ची माहिती दिली जाते, आणि ती बॅच भर दुपारी असते. माझे मत असे आहे, की या वेगळ्या वेळेमुळे संकोच जात नाही, तो केवळ झाकला जातो. जिममध्ये बाईला अवघडल्यासारखे होते याचे मोठे कारण असे, की तेथे नेमके काय करायचे हे तिला कोणी शिकवलेलेच नसते. आरशासमोर घोळका करून उभ्या असलेल्या मुलांमधून वाट काढत डंबेलच्या रॅकपर्यंत जायचे, त्यातला पाच किलोचा जोड उचलायचा आणि तो घेऊन पुन्हा कोपऱ्यातल्या मॅटवर यायचे, एवढ्या दहा-बारा पावलांसाठी कित्येक जणी महिनोन्‌महिने ट्रेडमिल सोडत नाहीत. ट्रेनरही त्यांना तेथेच ठेवतो, कारण बायकांना 'वजन कमी करायचे' असते हे त्याने गृहीतच धरलेले असते. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाच्या हालचालीबरोबरच दोन किंवा अधिक दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा, आणि त्या सूचनेत स्त्री-पुरुष असा भेद नाही. बैठका, जमिनीवरून वजन उचलणे आणि डोक्यावर वजन ढकलणे या तीन हालचाली जिला नीट येतात, तिला कोण बघते आहे याची फिकीर आपोआप कमी होते.

पंचवटीतली सून
आपले म्हणणे तरुण, शिकलेल्या आणि स्वतःचे पैसे स्वतः खर्च करणाऱ्या मुलींपुरते खरे असेल. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी मांड्यांचे स्नायू बळकट करायला सांगितले आहे. रजोनिवृत्तीनंतर हाडांची घनता झपाट्याने कमी होऊ लागते, म्हणजे वजनांच्या व्यायामाची गरज विशीतल्या मुलीपेक्षा त्यांनाच अधिक आहे. त्या दुपारच्या बॅचला जातात त्या केवळ तेथे पुरुष नसतात म्हणून. ओढणी कमरेला घट्ट बांधून, खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचा व्यायाम त्या न लाजता करतात. हीच बॅच सायंकाळी सर्वांबरोबर असती, तर त्यांनी उंबरठाही ओलांडला नसता. आधी शिका म्हणजे संकोच जाईल असे आपण म्हणता, पण जी आलीच नाही तिला शिकवणार कोण आणि कोठे?

मानसशास्त्राचा विद्यार्थी
टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उपयोगी पडेल. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून त्यांना इतरांच्या खोलीत पाठवण्यात आले. खोलीतल्या सुमारे निम्म्या लोकांनी चित्र पाहिले असेल असे त्यांना वाटले, प्रत्यक्षात ते सुमारे चौथ्या हिश्श्यानेच पाहिले होते. लोक आपल्याकडे बघत आहेत हा समज आपण स्वतःच फुगवत असतो. गोल्फ क्लब मैदानाच्या ट्रॅकवर रोज सकाळी साडीवर बूट घालून चालणाऱ्या काकूंना कोठे वेगळी वेळ लागते?

अंबडला नोकरी, नाशिकरोडला घर
प्रयोग टी-शर्टवर झाला होता, बाईच्या शरीरावर नव्हे. शिवाय तेथेही चौथा हिस्सा बघतच होता, हे आपण विसरलात. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने चालतात, कोणी समोर ठाण मांडून बसत नाही आणि चालणारीला बाकावर उताणे पडावे लागत नाही. जिममध्ये तिन्ही भिंतींना आरसे असतात, त्यामुळे पाठ फिरवूनही सुटका नाही, आणि अलीकडे जो तो मोबाइल उभा करून स्वतःचा व्हिडिओ काढत असतो, ज्यात मागे कोण वाकले आहे याची त्याला पर्वा नसते. ही काही मनाची समजूत नव्हे.

तरीही दुपारच्या बॅचची बाजू मला घेता येत नाही, कारण त्या वेळी मी कारखान्यात असते. माझ्यासारख्या नोकरदार बाईला सायंकाळी सात वाजताची गर्दीच नशिबी आहे. मला वेगळी वेळ नको, मला नियम हवे आहेत: व्यायामाच्या जागेत चित्रीकरण बंद, न विचारता 'असे करा, तसे करा' म्हणून हात लावायला येणाऱ्यांना समज, आणि सायंकाळच्या वेळेत एक तरी महिला ट्रेनर. आमच्या जिममध्ये हे तोंडी मागून झाले, उत्तर मिळाले ते 'मॅडम, तुम्ही दुपारी या' असे. वेगळी वेळ दिली की मालकाची जबाबदारी संपते, हा खरा घोटाळा आहे.

सिडकोतील ट्रेनर
मालकांची बाजूही लक्षात घ्यावी. दुपारी जिम रिकामी असते म्हणून ती वेळ देणे परवडते, सायंकाळची देणे परवडत नाही. बाकी, वजन उचलले की अंग पुरुषी होते ही भीती आजही ऐकू येते आणि तिच्यामुळे निम्म्या जणी दोन किलोच्या पुढे सरकत नाहीत. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन फारच कमी असते, त्यामुळे असे शरीर सहजासहजी होत नाही. मिराबाई चानू यांनी टोकियोत एकूण 202 किलो वजन उचलून रौप्यपदक जिंकले, तेव्हा त्या 49 किलोच्या गटात होत्या. नवीन मुलीने थेट बार, म्हणजे वजने अडकवायचा लांब लोखंडी दांडा, घेऊ नये, हे मात्र मी आवर्जून सांगेन, कारण बहुतेक ठिकाणी असतो तो बार मोकळाच 20 किलोचा असतो आणि पहिल्याच दिवशी तो डगमगला की पुन्हा ती त्या बाजूला फिरकत नाही.

गंगापूर रोडची रहिवासी
चित्रीकरणबंदीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. दुपारच्या बॅचबद्दल इतकेच म्हणेन, की तेथेही पूर्ण वजने आणि जाणकार ट्रेनर असावेत, नुसती गाणी लावून हातपाय हलवणे नसावे, आणि तीन-चार महिन्यांनंतर तिने सर्वांच्या वेळेत यावे अशी अपेक्षा ठेवावी.

पंचवटीतली सून
ही मुदत कोणी ठरवायची? सासूबाईंचे गुडघे त्यांचे आहेत आणि भरलेले शुल्कही. सायंकाळचे नियम आधी लागू होऊ द्यात, ते किमान एका जिममध्ये पाळले जाताना दिसू द्यात, मग दुपारच्या बायकांना तिकडे या म्हणा. तोवर ही बॅच निरुपयोगी आहे असे कोणी मालकांच्या कानावर घालू नये, कारण त्यांना ती बंद करायला निमित्तच हवे असते.